पन्हाळ्याची तटबंदी पडली नाही, पाडली गेली : सरहद्दीवरचे ठाणे कसे पाहावे?

१/
पन्हाळ्यावर गाडीरस्त्याने प्रवेश करताना चार दरवाज्याचे अवशेष लागतात. बहुतेक पर्यटक तेथे थांबत नाहीत. थांबलेच तर ‘काळाच्या ओघात ढासळला’ असे म्हणून पुढे जातात. हे विधान चुकीचे आहे. हा दरवाजा पाऊस-वाऱ्याने ढासळलेला नाही. १८४४ मध्ये गड जिंकल्यावर इंग्रजांनी तो पाडला. आजचा धागा या पाडापाडीविषयी आहे. पन्हाळ्याच्या आपल्या स्मरणातून जे गाळले गेले, तेही यात येईल. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
माझे मत आरंभीच सांगतो. पन्हाळा आपण एका रात्रीपुरता लक्षात ठेवला आहे. ती रात्र १६६० च्या आषाढातली. ती थोर होती यात शंका नाही. परंतु पन्हाळा हे सुमारे साडेसहाशे वर्षे राबते असलेले सरहद्दीवरचे लष्करी ठाणे होते. ठाणे म्हणजे पगार, धान्य, पाणी, पहारा आणि ही सगळी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालविणारी माणसे. ती माणसे वगळून केलेले जतन अपुरे आहे.

३/
प्रथम सरहद्द म्हणजे काय ते पाहू. कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ८४५ मीटर उंचीवर हा गड आहे. पूर्वेला कृष्णा-पंचगंगेचे सपाट, सुपीक खोरे आणि पश्चिमेला सह्याद्री. विजापूरहून मिरजेमार्गे कोकणातील राजापूरसारख्या बंदराकडे जाणारा माल या टापूतून घाट उतरत असे. ज्याच्या ताब्यात पन्हाळा, त्याच्या नजरेखाली ही वाट. देश आणि कोकण यांच्या सांध्यावरची ही चौकी आहे.

४/
म्हणूनच प्रत्येक सत्तेला हा गड हवा होता. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस येथे राजधानी थाटली. पुढे देवगिरीच्या यादवांनी शिलाहारांचा पाडाव केला. १४६९ च्या पावसाळ्यात बहमनी वजीर महमूद गवान याने येथे तळ दिला. नंतर आदिलशाहीने गड मजबूत केला. तीन दरवाज्यावरचा फारसी शिलालेख इब्राहिम आदिलशहाच्या काळाचा आहे. एकाच तटात चार-पाच राजवटींचा दगड लागलेला आहे. सरहद्दीवरच्या ठाण्याचे हे व्यवच्छेदक लक्षण मानावे लागेल.

५/
अफझलखानाच्या वधानंतर अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबर १६५९ रोजी, शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. या घाईतच त्याचे महत्त्व कळते. २ मार्च १६६० रोजी सिद्दी जौहरचा वेढा पडला. राजापूरच्या वखारीतले इंग्रज स्वतःच्या निशाणासह तोफखाना घेऊन वेढ्यात सामील झाले. १३ जुलैपर्यंतचा हिशेब केला तर १३३ दिवस भरतात. आता प्रश्न असा : हे १३३ दिवस गडावरची माणसे काय खात होती?

६/
त्याचे उत्तर अंबारखान्यात आहे. गंगा, यमुना आणि सरस्वती अशा तीन कोठ्या. त्यांतील गंगा कोठी सर्वांत मोठी : क्षेत्रफळ सुमारे ९५० चौरस मीटर, उंची साडेदहा मीटरहून अधिक, साठवण सुमारे २५,००० खंडी सांगितली जाते. बाहेरून जिने थेट छतावर जातात. छताला प्रत्येक खणावर एकेक झरोका आहे. धान्य वरून ओतायचे आणि खालून काढायचे. पोते पाठीवर घेऊन त्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाचा विचार करून पाहा. वेढ्यात तलवारीइतकेच त्याच्या पाठीवरचे ओझे कामी आले.

७/
दुसरा प्रश्न पाण्याचा. अंधारबाव म्हणजे तीन मजली, तटालगतची, वरून सहज ओळखू न येणारी विहीर. गडावर तळी असतानाही ती बांधली, कारण शत्रू पाण्यात विष कालवू शकतो. पाणी राखण्यासाठी पहारेकरी राहतील अशी जागाही तिच्यातच केलेली आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गप्रकरण आहे. त्यात गडावर आधी पाणी पाहावे, एका झऱ्यावर विसंबू नये, जादा साठा राखावा असा स्पष्ट उपदेश आहे. आज्ञापत्र याच करवीर राज्याच्या दरबारात, १७१५-१६ च्या सुमारास सिद्ध झाले. त्यामुळे पन्हाळ्यावर फिरताना ते पुस्तक आठवावे.

८/
त्याच ग्रंथात गडावरचा कचरा, गडावरची झाडे, चोरदिंड्या, एकच दरवाजा असण्याचा धोका, इतक्या बारीक गोष्टींची चर्चा आहे. आपण किल्ल्यांकडे शौर्याच्या कथा म्हणून पाहतो. ज्यांनी ते चालविले त्यांना मात्र ते एखाद्या घरासारखे दिसत होते. छप्पर गळते का, कोठीला उंदीर लागले का, पहारेकरी वेळेवर आला का, असे प्रश्न तेथे रोजचे होते. मला हा दृष्टिकोन अधिक प्रगल्भ वाटतो.

९/
आता माणसे. मराठा राज्यातील गडाचा कारभार एकाच्या हाती नसे. हवालदार, सबनीस, सरनोबत आणि कारखानीस असे अधिकारी असत. हवालदाराकडे किल्ल्या आणि शिबंदी, सबनिसाकडे हजेरी व हिशेब, कारखानिसाकडे कोठी आणि साहित्य. त्यांपैकी एक फितला तरी गड जाऊ नये, ही त्यामागची योजना. सभासदाच्या बखरीत या रचनेचे वर्णन मिळते. तटाच्या घेराप्रमाणे तटसरनोबत नेमलेले असत. पहाऱ्याला जागणारे हात मात्र याहूनही खालच्या पायरीवरचे होते.

१०/
गडाच्या उतारावर, वाटांच्या नाक्यावर ‘मेटे’ असत. मेट म्हणजे गडाखालची चौकी. तिच्यावर राहणारा तो मेटकरी. रामोशी, महार, मांग, बेरड अशा समाजांतील माणसे ही कामगिरी करीत. रान त्यांच्या ओळखीचे, रात्रीची चाहूल त्यांना आधी लागे, आणि शत्रू आला तर पहिला घाव त्यांच्यावर. तटाच्या आत घडलेल्या इतिहासाला पुतळे मिळाले. तटाच्या बाहेर जागलेल्या माणसांच्या वाट्याला साधा माहितीफलकही आलेला नाही. मला हा योगायोग वाटत नाही.

११/
महाराज विशाळगडाला पोचल्यावर पन्हाळ्याचे काय झाले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. शिवा काशीद आणि बाजीप्रभू यांच्या बलिदानापाशी कथा थांबते. गडावर उरलेली शिबंदी मात्र वेढ्यातच होती. पुढे त्याच वर्षी तह होऊन गड आदिलशाहीकडे गेला. तो परत मिळायला ६ मार्च १६७३ उजाडावे लागले. कोंडाजी फर्जंद यांनी मोजक्या साठ माणसांनिशी तो घेतल्याचे सांगितले जाते. या प्रसंगावर जयराम पिंड्ये यांनी ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हे संस्कृत काव्य रचले. पर्णाल म्हणजे पन्हाळा.

१२/
१७०१ मध्ये दृश्य पालटले. खुद्द औरंगजेब पन्हाळ्याला वेढा घालून बसला होता. त्याच छावणीत एप्रिल महिन्यात इंग्लंडचा वकील सर विल्यम नॉरिस त्याच्या भेटीस आला. हिंदुस्थानचा बादशहा आणि इंग्लंडच्या राजाचा वकील यांची भेट दिल्लीत वा आग्र्यात झाली नाही, या डोंगराच्या पायथ्याशी झाली. गड मोगलांनी घेतला खरा, पण तो फार काळ त्यांच्याकडे टिकला नाही. सरहद्दीवरचे ठाणे जिंकणे सोपे असते, पोसणे कठीण.

१३/
पुढे ताराबाईंनी पन्हाळ्यावरून राज्य चालविले. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर ही दोन राज्ये वेगळी झाली आणि वारणा नदी सीमा ठरली. पन्हाळ्याच्या उत्तरेला जे खोरे दिसते, तेच ते. म्हणजे ज्या गडाने परक्यांच्या सरहद्दी सांभाळल्या, तो आता भाऊबंदकीच्या सरहद्दीवर उभा राहिला. १७८२ मध्ये राजधानी कोल्हापुरास हलली. दरबार गेला, पण गडकरी गडावरच राहिले. त्यांची जमीन, नेमणूक, मानपान सारे पिढीजात त्या गडाशी बांधलेले होते.

१४/
आणि आता १८४४. कोल्हापूरचे छत्रपती अल्पवयीन होते. कंपनी सरकारच्या पुढाकाराने दाजी कृष्ण पंडित यांच्या हाती कारभार गेला. नव्या कारभाराने महसुलाची घडी बदलली. गडकऱ्यांच्या जमिनींची व्यवस्था गडाच्या अधिकाऱ्यांकडून काढून मामलेदारांकडे दिली. कागदावर हा साधा फेरफार वाटतो. गडकऱ्याला मात्र त्यात आपले भवितव्य दिसले. आज जमिनीचा हिशेब मामलेदाराकडे गेला, तर उद्या जमीन जाईल आणि परवा गड.

१५/
त्या पावसाळ्यात गडहिंग्लजजवळच्या सामानगडाने प्रथम हुकूम झुगारला. भुदरगड उठला, पन्हाळा उठला, सावंतवाडीपर्यंत वणवा पसरला. बेळगावहून कंपनीची फौज आली. १३ ऑक्टोबर १८४४ रोजी सामानगड पडला. दरम्यान कर्नल ओव्हान्स या बड्या इंग्रज अधिकाऱ्याला बंडवाल्यांनी वाटेत पकडून पन्हाळ्यावर कैदेत ठेवले होते. जनरल डेलामोट यांच्या फौजेने तोफा डागून तटाला खिंडार पाडले आणि १ डिसेंबर १८४४ रोजी पन्हाळा घेतला. गडावरून झालेली ती शेवटची लढाई.

१६/
त्यानंतर काय झाले? गडकऱ्यांची पिढीजात शिबंदी मोडण्यात आली. किल्ले निकामी करण्याचे हुकूम सुटले. दरवाजे पाडले, तट फोडले. पुन्हा कुणाला या दगडांच्या आडोशाने उभे राहता येऊ नये, हा हेतू उघड होता. म्हणून म्हणतो, पन्हाळ्याचे भग्नावशेष हे पुराव्याचे कागद आहेत. जिथे भिंत नाही, तिथेही काही लिहिलेले आहे. ‘दुरवस्था’ हा एकच शब्द वापरून आपण तो मजकूर पुसून टाकतो.

१७/
मग हा उठाव आपल्या स्मरणात का नाही? माझ्या मते तीन कारणे आहेत. एक, तो हरला. दोन, त्याला एकच एक नायक नाही. बाबाजी अहिरेकर, सुभाना निकम ही नावे कोल्हापुरातही किती जणांना ठाऊक असतील? तीन, आणि हे महत्त्वाचे, ही लढाई कोणत्याही सोप्या चौकटीत बसत नाही. ते कंपनीच्या फौजेशी लढले, पण भांडण आरंभी आपल्याच दरबाराच्या कारभाराशी होते. आणि कारण होते वतन व पोट.

१८/
यावर आक्षेप येईल : ‘म्हणजे ते स्वार्थासाठी लढले. त्यांचा गौरव कशाला?’ दुसऱ्या टोकाचे मित्र म्हणतील : ‘हे १८५७ च्या आधीचे पहिले स्वातंत्र्ययुद्ध, असे लिही!’ मला दोन्ही मान्य नाहीत. पहिले विधान सैनिकाच्या पोटाला तुच्छ लेखते. दुसरे त्याच्या तोंडी त्याने न उच्चारलेले शब्द घालते. जमीन ही गडकऱ्याची उपजीविका होती आणि गड राखण्याचा करारही तीच होती. तो करार मोडला तेव्हा तो लढला. एवढे सत्य सांगणे पुरेसे आहे, आणि ते लहान नाही.

१९/
आता वर्तमानाकडे येऊ. जुलै २०२५ मध्ये पॅरिस येथील बैठकीत युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतील अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतील जिंजी. पन्हाळा त्या बारांत आहे, डोंगरी पठारावरचा किल्ला म्हणून. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्या नावातला ‘भूप्रदेश’ हा शब्द नीट वाचावा. तट आणि बुरुज एवढ्यानेच तो होत नाही. वाटा, मेटी, पाणी, शेते आणि वस्ती मिळून भूप्रदेश होतो.

२०/
पन्हाळा हे आजही नांदते गाव आहे. तेथे नगरपरिषद आहे, शाळा आहेत, घरे आहेत. नामांकनाच्या काळात निर्बंध येतील, घरे-व्यवसाय जातील, अशी भीती अनेक रहिवाशांनी जाहीरपणे व्यक्त केली. समाजमाध्यमांवर त्यांना सरसकट ‘अतिक्रमण करणारे’ म्हटले गेले. हे मला अनुचित वाटते. तटालगतचे बेबंद बांधकाम थांबलेच पाहिजे, नियम हवेतच. परंतु गडावर वस्ती असणे ही विकृती नव्हे, ती परंपरा आहे. माणसांनी भरलेला गड हाच गडाचा मूळ प्रकार. १८४४ मध्ये वरून हुकूम आला आणि गडावरच्या माणसांशी कुणी बोलले नाही. त्याचा परिणाम आपण वर पाहिला.

२१/
याच जिल्ह्यात दुसरे उदाहरण आहे. चंदगड तालुक्यात, गोव्याच्या सीमेजवळ, पारगड. पोर्तुगीजांवर नजर ठेवण्यासाठी महाराजांनी १६७६ मध्ये वसविलेले हे ठाणे. तानाजी मालुसरे यांचे पुत्र रायबा तेथील पहिले किल्लेदार. ‘चंद्र-सूर्य असेतो गड राखा’ अशी महाराजांची आज्ञा असल्याची परंपरा गडावर सांगतात. आणि मालुसरे घराण्यासह त्या शिबंदीतील घराण्यांचे वंशज आजही तेथे राहतात. पारगड जागतिक यादीत नाही. बुरुज फारसे उरलेले नाहीत. पण सरहद्दीचे ठाणे जतन होणे म्हणजे काय, हे मला पन्हाळ्यापेक्षा पारगडावर अधिक कळते.

२२/
दर जुलैत हजारो तरुण पन्हाळा ते विशाळगड चालतात. मीही चाललो आहे. मसाई पठारावरच्या चिखलात पाय रुतले की १६६० ची रात्र पुस्तकाबाहेर येते. ही पदभ्रमंती चालूच राहावी. पण १ डिसेंबरलाही थोडी माणसे चार दरवाज्यापाशी जमावीत, असे मला मनापासून वाटते. घोषणा नकोत, हारतुरे नकोत. तेथे उभे राहून कुणीतरी गडकऱ्यांची हकिकत सांगावी, इतकेच.

२३/
मागण्या तीनच आहेत. एक, चार दरवाजा आणि तटातील खिंडारापाशी १८४४ चा स्पष्ट उल्लेख असलेले मराठी फलक लावावेत. दोन, गडाच्या घेऱ्यातील मेट्यांच्या जागांची नोंद व्हावी. स्थानिक वृद्धांना त्या ठाऊक आहेत आणि ती पिढी सरते आहे. तीन, वारसा समितीच्या चर्चेत गडावरच्या रहिवाशांना आरंभापासून जागा मिळावी. यातल्या एकाही गोष्टीला कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

२४/
आणि आपण काय करावे? मोडी शिकावी. कोल्हापूरच्या पुरालेखागारात मोडी कागदांचे गठ्ठे आहेत आणि वाचणारे डोळे थोडे आहेत. गडकऱ्याचा आवाज कुठे सापडला तर तो एखाद्या अर्जात, हजेरीपटात, धान्याच्या हिशेबात सापडेल. वीररसाने भरलेली चित्रफीत पाहायला एक मिनिट लागते. हजेरीपटातले एक नाव लावायला कधी कधी आठवडा जातो. पण ते नाव लागले की तटावरचा एक माणूस परत येतो.

२५/
पुढच्या वेळी पन्हाळ्यावर जाल तेव्हा क्रम बदलून पाहा. आधी चार दरवाज्याचे अवशेष : ठाणे कसे मोडले. मग अंबारखाना : ठाणे कसे पोसले. मग अंधारबाव : ठाणे कसे टिकले. मग तीन दरवाजा : ठाणे किती जणांचे होते. शेवटी उत्तरेच्या कड्यावरून वारणेचे खोरे : ठाणे कशासाठी होते. सज्जा कोठी आणि झुणका-भाकर त्यानंतर. तुमच्या तालुक्यातील गडाच्या मेट्या, गडकरी घराणी, १८४४ च्या आठवणी ठाऊक असतील तर खाली जरूर लिहा. घरात जुने मोडी कागद असतील तर फेकू नका, आधी कुणाकडून तरी वाचून घ्या.